आईच्या मांडीवरचं सूप

(मूळच्या सोलापूरच्या आणि सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या ५२ वर्षांच्या एका भगिनीचं पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"आई गेल्या वर्षी मार्गशीर्षात गेली, वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी. वय ७६ च्या आसपास. वर्षश्राद्ध आता दीड महिन्यावर आलंय. कीर्तन, जेवण आणि आठ पानांची स्मरणिका असं मोठ्या दादाने ठरवलंय. 'तू शिकलेली, तूच लिही,' म्हणून आईचं चरित्र माझ्याकडे आलं. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती यांच्या पुढे पेन सरकत नाही. खरं सांगायचं तर आईला स्वतःचं असं काही नव्हतंच. बहात्तरच्या दुष्काळानंतर आईवडील गाव सोडून सोलापुरात आले. वडील गिरणीत लागले, पुढे गिरणी बंद पडली. आईने पस्तीसेक वर्षं रोज हजाराच्या आसपास विड्या वळल्या आणि आम्हा तिघांना शिकवलं. विडी कामगार म्हणूनच तिला कुंभारीच्या घरकुलात घर मिळालं. पण दादा म्हणतो, स्मरणिकेत विड्यांचा उल्लेख नको. त्याच्या मुलीला स्थळं बघणं चालू आहे. धाकटा भाऊ गप्प आहे.

आठवायला बसलं की भलतंच आठवतं. सोबत वळायला बसणाऱ्या बायकांकडून ती तेलुगू शिकली होती. त्यांच्यात बसली की अशी हसायची, तशी आमच्यासमोर कधी हसली नाही. तिच्या कात्रीला कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला, दरवर्षी एकटीच जायची, आणि आल्यावर प्रत्येक नातवंडाच्या हातावर दोन-दोन अक्षता ठेवायची. असल्या फुटकळ गोष्टी काय छापायच्या?

माझा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत तिच्याकडेच वाढला. आता तो २४ चा आहे. आजीचा विषय निघाला की उठून जातो. आणि शेवटची दोन वर्षं तिला दम लागायचा, तेव्हा मी महिन्यातून एकदाच जाऊ शकले, हे मनातून जात नाही. काय लिहू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. 'आईला स्वतःचं असं काही नव्हतंच,' असं तुम्ही लिहिता. त्याच्याखाली चार-सहा ओळींवर तेलुगूत खळखळून हसणारी एक बाई येते. कात्रीला हात लावू देत नाही. वर्षातून एक दिवस घरच्या कुणालाही न घेता अक्षता बघायला निघते. हे सगळं तिचं स्वतःचं नाही तर कुणाचं होतं? तुम्ही या गोष्टींना फुटकळ म्हणून बाजूला काढलंत आणि उरलेल्यातून चरित्र लिहायला बसलात. म्हणून तर चारदा फाडावं लागलं. उरलेल्यात तुमची आई नाही, कुणाचीही आई आहे.

हे मी अधिकाराने सांगते, कारण ही चूक मी केली आहे. माझी आई गेली त्या वर्षी पुण्यस्मरणाची पत्रिका मीच केली. छापखान्यात मजकुराचे नमुने लावलेले होते. त्यातला 'वात्सल्यसिंधू, कष्टाची मूर्ती, संस्कारांचा वारसा' हा मला भारदस्त वाटला, तो निवडला. काही वर्षांनी कपाट आवरताना ती पत्रिका सापडली, आणि तिच्याखालीच शेजारच्या काकूंचीही. फोटोवर बोट ठेवलं तर कुठली कुणाची ते कळत नव्हतं. माझी आई चिडली की भांडी घासत बसायची, घासलेलीसुद्धा पुन्हा घासायची. भाकरीचा पहिला पोपडा मिठाबरोबर स्वतः खायची, तो कुणालाही द्यायची नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या भाच्यांना ते माहीत नाही. ते मी तेव्हा लिहायला हवं होतं.

'त्यागमूर्ती' या शब्दाबद्दल माझी तक्रार थोडी खोल आहे. मूर्तीला भूक नसते, राग नसतो, तिला काही हवं नसतं. तुमच्या आईला काय हवं होतं आणि मिळालं नाही? ती कितवीपर्यंत शिकली, शाळा का सुटली, सुटली तेव्हा रडली का? सोलापुरात आल्यावर पहिलं वर्ष तिने कसं काढलं? याची उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर तुमचं काही चुकलं असं नाही. आपल्या पिढीने आईला प्रश्न विचारले ते 'माझा डबा झाला का' एवढेच. पण आता स्मरणिकेत 'तिने हसतमुखाने सर्वस्व वाहिलं' असं छापलं, तर ते तुमची भाची वाचणार आहे, जिला स्थळं बघताय तीच. आजीने सगळं सोडलं आणि हसत सोडलं, हे चांगल्या बाईचं माप म्हणून तिच्या हातात पडेल. आजीला काय सोडावं लागलं, कशामुळे लागलं आणि कशाला तिने हात लावू दिला नाही, हे तिला कळलं तर जास्त उपयोगाचं आहे.

आता विड्यांचं. पत्रातली खरी गाठ इथेच आहे.

तुम्ही बघितलंय ते मी पुन्हा सांगते, कारण लिहिताना ते डोळ्यांसमोर हवं. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून भोवतीनं कात्री फिरवायची, शिरा वाचवत, पान फुकट न घालवता. मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. चिमूट भरायची, पान वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचा फेरा देऊन तोडायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. मग ते कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथे तपासणारा बसलेला. पान फाटलेलं, वळण सैल, तर छाट. छाटलेल्याची मेहनतही गेली, मजुरीही गेली. वर्षाचे तीनशे दिवस धरले आणि तुम्ही म्हणता ती पस्तीस वर्षं धरली, तर तुमच्या आईच्या बोटांतून एक कोटीच्या वर विड्या गेल्या. हा आकडा मी कागदावर मांडला आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

कात्रीला हात का लावू देत नव्हती, हे आता ध्यानात येतं का बघा. दुसऱ्याच्या हाताने धार गेली की पान फाटणार, पान फाटलं की छाट. तो काही म्हातारीचा हेका नव्हता, ती तिची कारागिरी होती. सुताराच्या रंध्याला कुणी हात लावत नाही, त्याला आपण मान म्हणतो.

तेव्हा दादांनी 'उल्लेख नको' म्हटलं तर माझं मत सरळ आहे. उल्लेख हवा. पस्तीस वर्षं वगळून चरित्र होत नाही. शिवाय ज्या शहरात विडीच्या कामावर हजारो घरांच्या चुली पेटल्या, तिथे लपवायचं कुणापासून? कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने २००६ साली दहा हजार घरं उभी राहिली, ती विडी कामगार बायकांची म्हणून. तुमच्या आईला तिथलं घर कुणाची पत्नी किंवा कुणाची आई म्हणून मिळालं नाही, तिच्या स्वतःच्या कामगार ओळखीवर मिळालं. तिच्या आयुष्यात नुसत्या तिच्या नावावर आलेली अशी दुसरी गोष्ट कुठली होती?

पण म्हणून दादांशी भांडायला जाऊ नका. ते थोरले. घरातला थोरला मुलगा बहुतेक वेळा काय करायचा? शाळेच्या आधी किंवा नंतर आईचे कट्टे कारखान्यात पोचवायचा. रांगेत उभा राहायचा. छाट निघाली की तपासणाऱ्याचं बोलणं ऐकायचा, आणि ते घरी येऊन आईला सांगायचा किंवा सांगायचा नाही. तुमचे दादाही गेले असतील, तर तुम्ही आईला घरात सूप घेऊन बसलेली पाहिलंत आणि त्यांनी तिचं काम दुसऱ्याने फेकलेलं पाहिलं. लाज वाटते म्हणून ते नको म्हणत असतील, किंवा ती जागा अजून दुखत असेल. मुलीच्या स्थळाचं कारण खोटं नाही, पण ते वरचं असावं असं मला वाटतं. म्हणून 'लिहू की नको' हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवूच नका. एकदा दोघंच बसा, वहिनी-भाचरं नकोत, आणि विचारा, "दादा, तू कारखान्यात जायचास तेव्हा काय व्हायचं रे?" आणि मग गप्प राहा. ते बोलले तर त्यातून एक पान त्यांच्याच हातचं निघेल, आणि स्मरणिकेतलं सगळ्यात चांगलं पान ते असेल. बोलले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलेल्या चार ओळी त्यांना वाचून दाखवा. 'विड्या वळून मुलांना वाढवलं' हे वाक्य कागदावर साधं दिसतं, ऐकताना भीती वाटते तेवढं ते जड नसतं.

तरीही ते ठाम राहिले तर? तर स्मरणिका त्यांच्या मनासारखी होऊ द्या, आणि घरासाठी एक वेगळी वही लिहा, ज्यात सगळं असेल. हा मार्ग मला कमी आवडतो, पण वर्षश्राद्धाच्या पंगतीत भावंडं एकमेकांकडे पाठ करून बसलेली आईला आवडली नसती. त्यांच्या नकळत छापून आणणं मात्र करू नका. वहीला घाई नाही. आणि धाकट्याला 'गप्प आहे' म्हणून सोडू नका, गप्प असणाऱ्याकडे बऱ्याचदा सर्वांत जास्त साठलेलं असतं.

एक सावधपणा दुसऱ्या बाजूनेही हवा. झाकायचं नाही म्हणून विडीचा गौरव करायला लागू नका. तंबाखूची धूळ रोज नाकातोंडात गेली, मान-पाठ वाकली, मजुरी हजारावर मिळाली, तासावर नाही. शेवटी दम लागायचा असं तुम्ही लिहिलंय. तो कशामुळे होता हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते लिहा, नसेल तर अंदाज बांधू नका, नुसता दम लागायचा एवढं लिहा. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातलं तुमच्या आईपर्यंत काय पोचलं? ओळखपत्र होतं का, फंडाचं पासबुक होतं का, तुम्हा मुलांना शिष्यवृत्ती मिळाली होती का? आईची ट्रंक उघडून बघा. सापडतील त्या कागदांचे फोटो काढा. त्यावरची जन्मतारीख बहुधा कुणीतरी अंदाजाने टाकलेली असेल, ती तशीच छापू नका.

तारखा शोधायची आपल्याकडची रीत वेगळी आहे, आणि जे जे आपल्या माणसाबद्दल लिहायला बसतील त्या सगळ्यांना ती उपयोगी पडेल. म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं की ती घाबरतात, 'आम्हाला काय कळतंय' म्हणतात. प्रसंग विचारा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं होतं, दुष्काळी कामावर वाटायचे ती सुकडी खाल्ली का, तेव्हा दादा पोटात होता की कडेवर? गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा घरात किती पैसे होते? त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला, गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे सोलापूरही हललं, तेव्हा आई कुणाला उचलून बाहेर पळाली? या शेवटच्या प्रश्नाला आजवर मला एकही कोरडं उत्तर मिळालेलं नाही.

तसंच 'आई कशी होती' असं कुणालाही विचारू नका. 'लई चांगली होती बाई' एवढंच उत्तर येतं आणि डोळ्याला पदर जातो. 'तुमचं तिच्याशी भांडण कशावरून झालं होतं' असं विचारा, माणूस लगेच खुलतो. तुमच्या मावशी असतील तर त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा, लहानपणची आई फक्त त्यांच्याकडे आहे. जुने फोटो सोबत न्या आणि कोण कोण आहे ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्या. आपण गेल्यावर त्या फोटोत नुसते चेहरे उरतात. मोबाईलवर आवाज घ्यायचा तर परवानगी विचारा, मग तो उपडा ठेवून द्या आणि शेंगा सोलत, लसूण निवडत बोला. हाताला काम असलं की जीभ मोकळी होते, विड्या वळणाऱ्या बायकांना हे पक्कं माहीत होतं.

त्या बायकांकडेही जा. हे मी आग्रहाने सांगते. तुमच्यासमोर कधी हसली नाही तशी आई त्यांच्यात हसायची, म्हणजे तुमच्या आईचा एक मोठा हिस्सा तेलुगूत जगला आहे आणि तो तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. तेलुगू विणकरांच्या, पद्मशाली घरांतल्या त्या मैत्रिणी आता सत्तरी-ऐंशीच्या असतील. एखादी घरकुलातच दोन गल्ल्या सोडून राहत असेल. विचारा, कशावर एवढं हसायच्या? कदाचित सासूवर, कदाचित नवऱ्यांवर, कदाचित तुमच्यावर. तुमच्या आईला तिथे काय नावाने हाक मारत होत्या? एखादीला वर्षश्राद्धाच्या दिवशी दोन शब्द बोलायला बोलवा, तेलुगूत बोलली तरी चालेल. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी एका ओट्यावर बसून वाढलेल्या आहेत, समजणाऱ्याला समजतं.

अक्षता सोहळ्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते आणि हजारो हात एकदम अक्षता उधळतात, हे मीही दरवर्षी बघते आणि दरवर्षी घशात आवंढा येतो. तुमची आई तिथे एकटी का जायची हे तिने सांगितलं नाही, तर ते तसंच राहू द्या. 'ती एकटी जायची, का ते आम्हाला कधी कळलं नाही,' असं लिहा. आपल्या माणसाचं सगळं आपल्याला कळायलाच हवं असं थोडंच आहे.

मुलाबद्दल. तो उठून जातो म्हणजे त्याला काही वाटत नाही असं तुम्ही धरलेलं नाही, हे बरं केलंत. पण त्याला बोलतं करायचं, कार्यक्रमात दोन शब्द म्हणायला लावायचं, असं काही मनात असेल तर काढून टाका. ताई, जरा त्याच्या बाजूने बघा. तुमची आई गेली, पण पहिली सहा वर्षं त्याला रोज भरवणारी, निजवणारीही तीच होती. आणि सांत्वनाला आलेले लोक तुम्हाला भेटतात, त्याला 'आजी म्हातारीच झाली होती रे' म्हणतात. दुःखात त्याची जागा कुणी धरून ठेवलेली नाही. ती तुम्ही एका वाक्यात देऊ शकता: "तुझीही आई गेली, मला माहीत आहे." एवढंच, आणि पुढे विचारायचं नाही. त्यानंतर त्याला हाताचं काम द्या. जुने फोटो मोबाईलवर नीट काढून द्यायचे, ट्रंकेतले कागद लावायचे, घरकुलाच्या दाराचा, ती बसायची त्या उंबऱ्याचा फोटो काढून आणायचा. किंवा स्वयंपाकघरात घ्या. आईची शेंगाचटणी तुमच्या घरात कुणाला येते? भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ हे सगळ्यांना माहीत असतं, पण उखळात तेल सुटेपर्यंत किती कुटायचं आणि लसूण कधी घालायचा, तो हात तिच्याबरोबर गेला. चार वेळा करून बघा. 'अशी नव्हती' असं तो म्हणेल. तोच बोलायला लागल्याचा पहिला शब्द असेल.

शेवटच्या दोन वर्षांचं जे मनातून जात नाही, ते स्मरणिकेत लिहू नका. आईचं चरित्र लिहिता लिहिता आपला माफीनामा होतो, आणि मग आई त्यात दिसेनाशी होते. वेगळ्या कागदावर आईला पत्र लिहा, जसं येईल तसं, आणि ते कुणाला दाखवू नका. महिन्यातून एकदा पुण्याहून गाडी पकडून येत होतात, हेही त्या पत्रात लिहा, ते तुम्ही विसरताय.

तिच्या लुगड्यांचं, साड्यांचं अजून वाटप झालं नसेल तर थांबवा. जुन्या मऊ झालेल्या चार-पाच बाजूला काढा आणि एक वाकळ शिवून घ्या. घरकुलात, गावाकडे शिवणाऱ्या बायका अजून आहेत, योग्य मजुरी द्या. ती वर्षश्राद्धापर्यंत होणार नाही, होऊ दे उशीर.

आणि लिहायला सुरुवात कुठून करायची विचाराल, तर जन्मगावापासून करू नका. पहाटेपासून करा. उठल्यावर तिचा पहिला आवाज कुठला यायचा, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर काय गडबड असायची, सूप मांडीवर कधी यायचं, दुपारी कोण कोण येऊन बसायचं. एक दिवस संध्याकाळपर्यंत लिहून काढा, तीन पानं सहज भरतील. जन्म, लग्न, अपत्यं एका चौकटीत शेवटी टाका.

फक्त त्याआधी एक फोन करा. तुम्ही सगळं लिहिलंत, पण आईची ती कात्री आता कुणाकडे आहे हे लिहिलं नाहीत. दादांकडे असेल, धाकट्याकडे असेल, कुणी भंगारात तर दिली नाही ना, एवढं आजच विचारून घ्या.